वीज-गळतीचा पहारेकरी : घरातील आरसीसीबीची परीक्षा व बदल

खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकविणारा शेतकरी पावसाळ्याच्या तोंडी बांध फिरून पाहतो. खेकड्याने पोखरलेले भोक बोटाएवढे असले तरी तो ते तसेच सोडीत नाही. कारण भरतीच्या पाण्याला तेवढी वाट पुरते आणि एका रात्रीत बांधाला खांड पडून शेत खारे होते. घरातील विजेची गोष्ट याहून निराळी नाही. थोडीशी वीज भलत्या वाटेने जमिनीत झिरपू लागली तरी दिवे लागतात, पंखे फिरतात आणि कोणाच्याच काही ध्यानात येत नाही. ओला हात त्या वाटेत आला म्हणजे मात्र प्राणावर बेतते. ही गळती ओळखून तात्काळ वीज तोडणारे उपकरण आता पुष्कळ घरांत बसविलेले असते. परंतु ते काम देते की नाही हे पाहण्याची, व निकामी झाल्यास वेळीच बदलण्याची सवय अद्याप सर्वत्र पडलेली नाही.

नवी मुंबईतील परिस्थिती

नवी मुंबई वसविण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचा परिसर त्या योजनेत आला. भातखाचरांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. परंतु जुनी गावठाणे शहराच्या पोटात आजही नांदत आहेत. तेथील पुष्कळ घरांवर मागाहून मजले चढले आणि प्रत्येक मजल्यागणिक जुन्या वायरिंगला नवी वायर जोडली गेली. त्यात खाडीवरची खारट व दमट हवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आणि ओल धरणाऱ्या भिंती. प्लगच्या पेटीत ओल शिरते, स्क्रू गंजतात व वायरचे आवरण कमकुवत होते. गिझर, वॉशिंग मशीन व पाण्याची मोटर ही उपकरणे तर पाण्याच्या सान्निध्यातच चालतात. अशा घरांना गळतीचा पहारेकरी असणे अत्यंत आवश्यक आहे.

उपकरण कसे काम करते

या उपकरणास आरसीसीबी म्हणतात. पुष्कळ वायरमन त्याचा उल्लेख जुन्या सवयीने ‘ईएलसीबी’ असा करतात. घरात वीज फेजच्या तारेने येते व न्यूट्रलच्या तारेने परत जाते. या दोन्ही तारा आरसीसीबीतील एका लोखंडी कड्यामधून जातात. जेवढी वीज गेली तेवढीच परत आली, तर कडे स्वस्थ असते. काही वीज गिझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून अथवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गेली, तर जाण्यायेण्याच्या हिशेबात तूट येते. या तुटीमुळे कड्यावरील वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो आणि स्विच आपोआप खाली पडतो.

माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वापरतात. हा आकडा सहज ठरविलेला नाही. शरीरातून १० ते १६ मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी स्नायू आखडून हातातील तार सोडविता येत नाही. प्रवाह याहून बराच वाढला व टिकला तर हृदयाची लय बिघडते. ३० मिलिअँपिअर गळती होताच ही आरसीसीबी जास्तीत जास्त ०.३ सेकंदात, आणि १५० मिलिअँपिअर गळतीला ०.०४ सेकंदात वीज तोडते. झटका जाणवतो, पण बहुधा जीव वाचतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी मानवी शरीरावरील विजेच्या परिणामांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९६१ मध्ये याच तत्त्वावरील उपकरण तयार केले. अमेरिकेत ते न्हाणीघरातील किंवा स्वयंपाकघरातील प्लगपॉइंटमध्येच बसविलेले असते. आपल्याकडे ते मुख्य बोर्डात बसवून सर्व घराला किंवा घराच्या एका भागाला संरक्षण देण्याची पद्धत आहे.

स्विच वारंवार पडणे : दोष की इशारा?

पावसाळ्यात हमखास आढळणारा एक प्रसंग येथे उदाहरणादाखल घेऊ. आषाढातील रात्र, पाऊस धरलेला, घरातील आरसीसीबी दर थोड्या वेळाने पडते. मुले अंधारात, म्हातारी माणसे उकाड्यात. अखेर कोणीतरी जाणता म्हणविणारा येतो, दोन तारा आरसीसीबीला वगळून ‘डायरेक्ट’ जोडतो आणि घर उजळते. सर्वांना हायसे वाटते. परंतु गिझरमधील ज्या गळतीमुळे स्विच पडत होता ती तशीच राहिलेली असते. त्याच गिझरचे अर्थिंग तुटलेले असेल, तर सकाळी आंघोळीस जाणारा पहिला मनुष्य नळाला हात लावील तेव्हा त्याला वाचविण्यास काहीही उरलेले नसते.

सबब आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करणे हा उपाय नव्हे. स्विच पडतो तेव्हा बहुधा तो आपले काम करीत असतो. गळती कोठे आहे याचा शोध पुढील क्रमाने घ्यावा :

१. बोर्डातील सर्व एमसीबी खाली कराव्या व आरसीसीबी वर करावी.
२. एकेक एमसीबी वर करीत जावे. ज्या एमसीबीने स्विच पडेल त्या भागात गळती आहे असे समजावे.
३. ती एमसीबी पुन्हा खाली करून त्या भागातील सर्व उपकरणांचे प्लग काढावे. नंतर वीज देऊन एकेक उपकरण जोडावे. जे जोडताच स्विच पडेल ते दुरुस्तीस द्यावे.
४. सर्व प्लग काढूनही स्विच पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा कायम जोडलेल्या उपकरणात आहे. सर्व एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रलची तार कोठेतरी अर्थला लागलेली असू शकते, किंवा आरसीसीबीच सदोष असते. दोन्ही प्रसंगी वायरमनला बोलवावे.

हे काम कोरड्या हातांनी, पायांत चपला घालून व कोरड्या जागी उभे राहून करावे.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी

प्रत्येक आरसीसीबीवर ‘टी’ अक्षर असलेले लहान बटण असते. वीज चालू असताना ते दाबले म्हणजे आत मुद्दाम लहानशी तूट निर्माण होते व स्विच लगेच पडला पाहिजे. न पडल्यास ती आरसीसीबी निकामी समजून विनाविलंब बदलावी. ही परीक्षा महिन्यातून एकदा घ्यावी. वीजबिल भरण्याचा दिवस यासाठी ठरवून ठेवल्यास विसर पडत नाही. बटण दाबून स्विच पडल्यावर घरातील सर्व प्लग बंद झाले की नाही, हेही पाहावे. एखादा चालूच राहिला तर तो भाग पहाऱ्याबाहेर आहे. आरसीसीबीचे आवरण काळवंडलेले, तडकलेले किंवा हाताला गरम लागत असल्यासही वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.

नवीन बसविताना

बोर्डाच्या आतील काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. घरधन्याने मात्र पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावे :

• नव्या आरसीसीबीवर आयएसआय चिन्ह व आयएस १२६४० हा मानक क्रमांक असावा.
• गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर असावी. १०० व ३०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. घरातील माणसांसाठी त्यांवर विसंबू नये.
• अँपिअरची क्षमता आधीच्या मुख्य एमसीबीपेक्षा कमी नसावी. एक फेजला दोन पोलची व तीन फेजला चार पोलची आरसीसीबी घ्यावी.
• इलेक्ट्रॉनिक उपकरणे अधिक असतील तेथे ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकारची घेणे इष्ट.
• काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करून तारांत वीज नसल्याची खात्री करावी. जुन्या तारा सोडण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्या.
• न्यूट्रलची तार ‘एन’ अक्षराच्या जागीच जोडावी. आरसीसीबीच्या पुढील न्यूट्रल दुसऱ्या कोणत्याही न्यूट्रलमध्ये मिसळू नये. अन्यथा गळती नसतानाही स्विच पडतो.
• अर्थची हिरवी तार आरसीसीबीतून नेऊ नये.
• स्क्रू घट्ट आवळावे. वीज सुरू करून ‘टी’ बटण दाबावे व स्विच पडल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये.

मर्यादाही जाणाव्या

आरसीसीबी असली म्हणजे अर्थिंग नको, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. अर्थिंग चांगले असेल तर गळती माणसाचा हात लागण्यापूर्वीच अर्थच्या तारेने जाते व स्विच आधीच पडतो. तसेच फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाला आणि जमिनीकडे वीज गेली नाही, तर हिशेबात तूट येत नाही व आरसीसीबी वाचवू शकत नाही. जादा भार व शॉर्टसर्किट यांसाठी एमसीबी वेगळी हवीच.

पनवेल व उरण भागांतील बागायतदारांनी विहिरीवरील मोटरपंपाच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. गळती असलेला पंप पाण्यात असताना विहिरीचे पाणीच घातक ठरू शकते. म्हणून विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच कटाक्षाने बंद करावा. आरसीसीबी आहे या भरवशावर कोणी पाण्यात उतरू नये.

कोणास शॉक लागल्यास त्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्यास तारेपासून दूर करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद पडला असल्यास, ज्यास शिक्षण मिळाले आहे त्याने छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या सभांतून बियाणे व खते यांबरोबर या बटणाचाही विषय घ्यावा. शक्य तर एखाद्या घरी सर्वांसमक्ष ते दाबून दाखवावे. स्विच पडला तर गावकऱ्यांना पहारेकऱ्याची ओळख होईल. न पडला तर त्या घरावरील संकट वेळीच उघडकीस येईल. बांधाची पाहणी भरती येण्यापूर्वीच करावयाची असते.