चालत्या यंत्राचे भाग बदलताना

काळ्या पडद्यावर इंग्रजी 'एल' उमटतो, त्याच्यामागे 'आय' उमटतो आणि पुढे काहीच घडत नाही. १९९० च्या दशकात ज्यांनी आपल्या पीसीवर लिनक्स चढवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ही दोन अक्षरं कधी ना कधी पाहिली आहेत. 'लिलो' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम संगणक सुरू होताना स्वतःच्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापत असे. पहिलं अक्षर आलं की समजायचं, डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरमधला तुकडा जागा झाला. 'आय'पाशी गाडी अडली, तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालू शकला नाही. तिसऱ्या अक्षरावर थांबली, तर तो चालला, पण पुढचा नकाशा त्याला वाचता आला नाही. चारही अक्षरं उमटली की जिंकलो. इतक्या कमी जागेत इतकं नेमकं निदान करणारी रचना मला आजही थक्क करते.

हा त्रास व्हायचा तो बहुधा पहिल्यांदा बसवताना नाही, तर नंतर सुधारित आवृत्ती घालताना. लिलोला फाइल म्हणजे काय हे कळतच नसे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवर कोणकोणत्या सेक्टरांत आहे याची यादी तो एकदा करून ठेवायचा आणि दरवेळी त्याच यादीवर विसंबायचा. नवं कर्नेल आणलं की ते नव्या जागी लिहिलं जाई; त्यानंतर लिलोची आज्ञा पुन्हा चालवली नाही, तर यादी जुनी आणि माल दुसरीकडे. त्यात पीसीच्या बायॉसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, स्वतःची मर्यादा होती. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर एवढाच हिशेब त्याला झेपे. म्हणजे डिस्कचे पहिले सुमारे ५२८ एमबी. कर्नेल त्याच्या पलीकडे गेलं की जुन्या बायॉसला ते दिसतच नसे.

या सगळ्या विद्येचा भारतातला एक मोठा अड्डा म्हणजे बेंगळुरू, आणि त्या अड्ड्यावरचं एक ठळक नाव मराठी वाचकाला जवळचं वाटावं असं आहे: अतुल चिटणीस. जन्म १९६२ चा, बर्लिनमधला; अभियांत्रिकीचं शिक्षण बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये; कर्मभूमी बेंगळुरू. सामान्य माणसाच्या घरी इंटरनेट पोचण्याच्या आधी, मोडेमवर चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांच्या काळापासून ते संगणकांना एकमेकांशी बोलतं करण्याच्या कामात होते. 'पीसीक्वेस्ट' मासिकाचे ते सल्लागार संपादक. १९९६ मध्ये या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, आणि त्या उपक्रमामागे चिटणीस होते.

या सीडीचं मोल कळायला एक साधा गुणाकार पुरतो. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सेकंदाला २८,८०० बिट वेगाचा, त्या काळी चांगला समजला जाणारा मोडेम घेतला आणि फोनची लाइन एकदाही तुटली नाही असं धरलं, तरी ६५० एमबीची एक सीडी उतरवायला पन्नास तास लागले असते. ९,६०० बिटांच्या जोडणीवर दीडशे. लाइन न तुटता पन्नास तास चालेल, ही कल्पनासुद्धा तेव्हा कुणी केली नसती. शिवाय फोनचं बिल वेगळंच. सोलापूर किंवा बेळगावातल्या विद्यार्थ्याच्या हातात ही सगळी प्रणाली, तिच्या मूळ सोर्स कोडसकट, मासिकाच्या अंकाच्या किमतीत पडू लागली. भारतातल्या लिनक्सच्या प्रसाराचं श्रेय देताना मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेतली जातात. माझ्या मते त्यात या सीडीचा वाटा फार मोठा आहे.

लिनक्स ज्या घराण्यातलं, ते युनिक्स भारताला अगदी अनोळखी नव्हतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते उभं केलं, आणि ऐंशीच्या दशकात आपल्या बँकांचं संगणकीकरण सुरू झालं तेव्हा अनेक शाखांमधली यंत्रं युनिक्सवर चालत. पण ती संस्थेची यंत्रं. तिथे कारकून फक्त आपला पडदा पाही. प्रणाली बसवायला विक्रेत्याचा अभियंता येई. घरच्या पीसीवर युनिक्स नीट चालू लागलं ते इंटेलच्या ८०३८६ या चिपमुळे. १९८५ मध्ये आलेल्या या चिपमध्ये एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवण्याची आणि मेमरीची पानं डिस्कवर हलवण्याची सोय होती. त्याशिवाय धड युनिक्स चालवणं अवघड. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ पीसीवर लिनक्स लिहायला घेतलं. नाव वेगळं, कोड सगळा नवा, पण घराणं युनिक्सचंच.

मग पीसीवर ते बसवणं इतकं अवघड का होतं? कारण पीसी नावाचं एकच एक यंत्र अस्तित्वातच नव्हतं. मोठ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनवर यंत्र आणि प्रणाली एकाच घरची. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सादर पत्रप्पा रोडवर, पीसी जुळवला जाई तो मात्र सुट्या भागांतून. मदरबोर्ड एकाचा, डिस्क दुसऱ्याची, नेटवर्क कार्ड तिसऱ्याचं; दोन दुकानांतून घेतलेले दोन पीसी सारखे असतील याची खात्री नाही. कार्डावर इवलेसे जम्पर असत. नेटवर्क कार्ड ३०० या पत्त्यावर, साउंड कार्ड २२० वर, आणि दोघांनी प्रोसेसरला हाक मारायची एकच वाट, इंटरप्ट ५, मागितली की दोन्ही गप्प. मॉनिटरची गोष्ट याहून नाजूक. त्याची आडवी आणि उभी वारंवारता किती, हे पुस्तिकेत शोधून आपण स्वतः लिहायचं. चुकीचा आकडा घातला तर मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा तेव्हाच्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट दिलेला असे. नंतर स्वस्त मोडेम आले, ज्यांचं अर्धंअधिक काम विंडोजमधला ड्रायव्हर करायचा. लिनक्सच्या दृष्टीने ते मोडेम नव्हतेच.

यावर उपाय निघाला तो माणसांनी एकत्र येऊन. बेंगळुरूत आणि पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचे गट झाले. 'इन्स्टॉल फेस्ट' असायचा त्या दिवशी लोक आपापला सीपीयूचा डबा रिक्षात घालून आणत आणि जाणकार मंडळी तो मांडीवर घेतल्यासारखा उघडून बसत. २००१ मध्ये बेंगळुरूच्या याच मंडळींनी 'लिनक्स बँगलोर' हा मेळावा सुरू केला. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात तो भरू लागला. २००५ पासून त्याचं रूप 'फॉस डॉट इन' असं झालं आणि लिनक्स कर्नेलच्या आद्य शिलेदारांपैकी एक, ब्रिटनचे अ‍ॅलन कॉक्स, त्या वर्षी बेंगळुरूला येऊन गेले. पुढे पुढे चिटणीस यांचा आग्रह बदलत गेला. नुसतं वापरू नका, काहीतरी भर घाला, हे ते सतत सांगत. काहींना तो आग्रह बोचला. मला तो योग्यच वाटतो. दुसऱ्याने लिहिलेली प्रणाली बसवण्यात पारंगत झालेला देश आणि ती लिहिणारा देश यांतलं अंतर त्यांना दिसत होतं. मेळावा २०१२ पर्यंत चालला. जून २०१३ मध्ये कर्करोगाने चिटणीस गेले, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी.

आता या प्रणालीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. युनिक्समध्ये चालू असलेल्या यंत्राचे भाग बदलता येतात. कसे, ते पाहण्यासारखं आहे.

युनिक्सच्या डिस्कवर फाइल आणि फाइलचं नाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. खरी फाइल म्हणजे एक क्रमांक, 'आयनोड'. मजकूर कुठे आहे, मालक कोण, आकार किती, हे सगळं त्या आयनोडपाशी असतं. फक्त नाव तिथे नसतं. नावं असतात डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे 'अमुक नाव, तमुक क्रमांक' अशी निव्वळ यादी. ग्रंथालयात एखादा वाचक पुस्तक उघडून बसला आहे आणि तेवढ्यात ग्रंथपालाने तालिकेतलं जुनं कार्ड काढून नव्या आवृत्तीचं लावलं, तर वाचकाचं वाचन थांबत नाही; पुढे येणाऱ्याला मात्र नवी आवृत्ती मिळते. युनिक्स नेमकं हेच करतं. चालू प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइलचं नाव पुसलं तरी फाइल जिवंत राहते. तिला धरून बसलेला शेवटचा प्रोग्रॅम संपला की मगच तिची जागा मोकळी होते.

सुधारित आवृत्ती घालणारं साधन याचाच फायदा घेतं. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची, ती डिस्कवर पक्की उतरली याची खात्री करायची आणि मग एका झटक्यात तिला खरं नाव द्यायचं. हे नामांतर अखंड असतं. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला त्या नावाखाली एकतर जुनी फाइल दिसेल किंवा नवी. अर्धवट काही दिसणार नाही. विंडोजमध्ये वापरात असलेली फाइल सहसा कुलूपबंद असते, म्हणून तिथे बदल करायला यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याची पाळी वारंवार येते. इथे बहुतेक वेळा ती येत नाही. एक पथ्य मात्र आहे: आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनी फाइलच वापरत राहतो. सुरक्षेची दुरुस्ती घातली आणि सेवा पुन्हा सुरू केली नाही, तर भोक तसंच उघडं राहतं.

पूर्वी ही साधनं नसताना लोक हे सगळं हाताने करत, आणि एक अपघात तर त्या पिढीच्या ओळखीचा होता. युनिक्समधल्या जवळजवळ प्रत्येक आज्ञेला 'लिबसी' नावाची सामायिक लायब्ररी लागते. तिची नवी आवृत्ती आणली की जुन्या आवृत्तीकडे बोट दाखवणारा दुवा काढायचा आणि नवा जोडायचा. आता क्रम पाहा. जुना दुवा काढला आणि नवा जोडण्यासाठी 'एलएन' ही आज्ञा दिली. पण एलएनलाच लिबसी लागते! ती चालत नाही. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' चालत नाही, कॉपी करणारी 'सीपी' चालत नाही. यंत्र सुरू आहे, पण त्याच्याकडून कुठलंच काम करून घेता येत नाही. म्हणूनच 'एसएलएन' नावाची एक छोटी आज्ञा मुद्दाम अशी बनवली गेली, की तिला बाहेरच्या कुठल्याही लायब्ररीची गरजच पडू नये. ती करते एकच काम, दुवा जोडण्याचं. कुणाच्या तरी वाईट रात्रींतून ही शहाणी सोय जन्मली असणार.

कर्नेल बदलायचं तर यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं, हा नियमही आता सैल झाला आहे. २०१५ मध्ये आलेल्या कर्नेलच्या ४.० आवृत्तीत चालू कर्नेलमधलीच फंक्शनं बदलण्याची सोय झाली. लिलोची जागा 'ग्रब'ने घेतली. त्याला फाइल सिस्टिम वाचता येते, त्यामुळे सेक्टरांच्या याद्या सांभाळायची कटकट गेली. आणि अँड्रॉइड फोनमध्ये, ज्यात लिनक्सचंच कर्नेल असतं, २०१६ पासून प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची रीत आली. तुम्ही फोनवर बोलत असता तेव्हा नवी आवृत्ती दुसऱ्या प्रतीवर चढत असते. नवी नीट सुरू झाली नाही, तर फोन आपण होऊन जुन्या प्रतीवर परततो. ज्या ३८६ चिपवर हे सगळं जन्मलं, तिचा आधार मात्र कर्नेलमधून २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकण्यात आला. तो कोड सांभाळणं कर्नेल लिहिणाऱ्यांना जड होत होतं.

हे सगळं आज सांगायला एक निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य पीसी, त्यांची डिस्क, मेमरी, पडदा सगळं ठणठणीत असताना, निव्वळ प्रणालीअभावी अडगळीत जायला निघाले आहेत. शाळांचे, पतसंस्थांचे, लहान कार्यालयांचे पीसी यांत फार. त्यांपैकी पुष्कळांवर लिनक्स सहज चालेल, आणि ते बसवणं आता वर सांगितलेल्या काळासारखं राहिलेलं नाही. नेटवर्क कार्ड आणि मॉनिटर प्रणाली बहुतेक वेळा आपली आपण ओळखते.

आपल्याकडे असा पीसी असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्याला एक रविवार द्या. निदान चार जीबी मेमरी असेल तर चांगलं. उबुंटू, मिंट किंवा डेबियनचा पेनड्राइव्ह तयार करा आणि आधी काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळं नीट चालतं का ते तपासा. बसवायचं ठरलंच, तर आपल्या फाइलींसाठी, म्हणजे 'होम'साठी, वेगळं पार्टिशन ठेवा, म्हणजे पुढे प्रणाली नव्याने बसवताना त्याला हात लावावा लागणार नाही. आणि पहिलं बटण दाबण्याच्या आधी कामाच्या सगळ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून, ती उघडते का हे पाहून, ती डिस्क पीसीपासून वेगळी करून ठेवा.