ऊस, मोळी आणि 'वॉज हॅपन्ड'

सोमेश्वर कारखान्याच्या पट्ट्यात, वडगाव निंबाळकरच्या आसपास, तोडणीच्या दिवसांत कानावर पडणारी वाक्यं घ्या. पोरानं ऊस तोडला. पोरानं मोळी बांधली. पोरानं पाचट गोळा केलं. राबतो पोरगा, पण क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते ऊस, मोळी, पाचट यांच्या लिंगाप्रमाणं फिरतं. पोराच्या जागी पोरगी आली तरी तेच. हा आपला कर्मणी प्रयोग. त्याचं नाव पाठ करायला लागण्याच्या कितीतरी आधी पोरं तो सहज बोलतात. 'तू मोळी बांधलीस' तर कमालच: 'ली' मोळीसाठी, 'स' तुझ्यासाठी. एका क्रियापदाला दोन धनी!

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात. तरी याच पोरांना पॅसिव्ह अडतो. आपल्या कर्मणीत कर्ता पहिली जागा सोडत नाही. इंग्रजीत तिथं कर्म येऊन बसतं आणि कर्ता 'बाय'च्या मागे जातो, नाहीतर गायबच होतो. 'बाय' म्हणजे 'कडून' असं घोकावं, तर 'माझ्याकडून कप फुटला' यातलं 'कडून' हळूच सांगतं, मुद्दाम नाही हो फोडला. 'बाय मी'ला ही अजिजी ठाऊक नाही.

चिनी विद्यार्थ्याचं कोडं निराळं. त्याच्या भाषेत क्रियापद ना लिंगाप्रमाणं बदलत, ना काळाप्रमाणं. ज्याविषयी बोलायचं ते आधी मांडलं, पुढं 'बांधून झालं' म्हटलं, की काम भागलं. म्हणून त्याच्या इंग्रजीत 'द हाउस हॅज बिल्ट' असं घर उभं राहतं. चिनीत पॅसिव्हसाठी 'बेइ' आहे खरा, पण तो पूर्वी मुख्यतः मार खाणं, लुटलं जाणं अशा वाईट प्रसंगांचा सोबती होता. विसाव्या शतकात युरोपीय भाषांतून झालेल्या भाषांतरांमुळं तो साध्यासुध्या वाक्यांतही रुळला. आपल्याकडचं 'मंत्र्यांकडून उद्घाटन केलं गेलं' हेही इंग्रजी वळणाचंच. व्याकरणात त्याला 'नवीन कर्मणी' म्हणतात.

मला सगळ्यात थक्क करते ती एक चूक: 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड'. चिनी, जपानी अशा वेगवेगळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांच्या लिखाणात संशोधकांना ती सापडली आहे. हे कुणी शिकवलेलं नाही आणि इंग्रजांच्या तोंडून ऐकलेलंही नाही. मग आलं कुठून? एक उत्तर असं: अपघात स्वतः काही करत नाही, तो घडतो, हे शिकणाऱ्याच्या मनानं ओळखलेलं असतं. कर्त्याच्या जागी बसलेला हा खरा कर्ता नव्हे, म्हणून ते मन त्याच्यावर पॅसिव्हची खूण मारतं. 'अराइव्ह', 'डिसअपिअर' यांनाही असाच 'वॉज' चिकटतो. 'लाफ'ला मात्र सहसा नाही; हसणारा आपणहून हसतो.