पाण्याच्या मॉडेलसोबत काय लिहून द्यावं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तरीही मार्च सरला की शहापूर-मुरबाडच्या अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. अशा पाड्यासाठी नळयोजना आखायची तर आज वाहिन्यांचं जाळं आधी संगणकावर मांडतात. त्यासाठी ईपॅनेट ही अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मोफत प्रणाली १९९३पासून उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईत निखिल हुड्डा आणि ओम दामाणी यांनी ग्रामीण नळयोजनांसाठी ‘जलतंत्र’ घडवलं. कोणत्या टप्प्यात किती व्यासाची वाहिनी टाकली तर खर्च कमीत कमी येईल, हे ते काढून देतं. आयआयटीच्याच ‘सीटारा’ केंद्रातल्या विद्यार्थ्यांनी ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पाण्यावर अभ्यास केले आहेत.

या मोठ्या प्रणालींच्या आजूबाजूला छोट्या प्रोग्रामांची एक दुनिया असते. एखादा प्रोग्राम जीपीएसच्या नोंदींतून वाहिन्यांचं जाळं तयार करतो, तर दुसरा विहिरींच्या पातळीचा नकाशा काढतो. लिहिणारा बहुधा विद्यार्थी किंवा तरुण अभियंता असतो. अभ्यास संपला की तो नोकरीला लागतो आणि प्रोग्राम पेनड्राइव्हवरून पुढच्याच्या हाती पडतो. त्यासोबत काय लिहून द्यायचं, याबद्दलचे काही समज मला धोक्याचे वाटतात, कारण त्यांची किंमत शेवटी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला मोजावी लागते.

गैरसमज: कोड नीट लिहिलेला असला की वाचून सगळं कळतं.

कोड काय करतो ते वाचून कळतं. आत येणारा आकडा मीटरमध्ये आहे की फुटांत, हे बहुतेक वेळा कळत नाही. ईपॅनेटची जाळ्याची फाइल साधी मजकुराची असते, नोटपॅडमध्येही उघडते. तिच्यात एकक सांगणारी एक ओळ असते. २.२ आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेनुसार ती ओळ नसेल तर प्रणाली प्रवाहाचं एकक अमेरिकन गॅलन प्रति मिनिट धरते, आणि मग लांबी व उंची फुटांत, व्यास इंचांत मोजले जातात.

आता उदाहरणादाखल हजार वस्तीचा एक पाडा घेऊ. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला ५५,००० लिटर पाणी लागेल. म्हणजे सरासरी सेकंदाला ०.६४ लिटर, आणि सकाळच्या गर्दीला तिप्पट धरलं तर १.९ लिटर. टाकी पाड्यापेक्षा ३० मीटर उंचावर आहे आणि मधे ५ किलोमीटरची, ६३ मिलिमीटरची वाहिनी आहे. खरा हिशेब केला तर ३० मीटरहून जास्त उंची घर्षणातच खर्ची पडते. म्हणजे गर्दीच्या वेळी पाडा कोरडा.

पण एककाची ओळ विसरलेल्या प्रोग्रामने हेच आकडे फाइलमध्ये उतरवले, तर ६३ मिलिमीटर ६३ इंच होतात, म्हणजे दीड मीटरहून रुंद नळ. मागणी सोळाव्या हिश्श्यावर येते आणि घर्षण जवळजवळ शून्य होतं. पडद्यावर पाड्याचा दाब दिसतो १३. तो आकडा पौंड प्रति चौरस इंचाचा असतो. पण ज्याला हे ठाऊक नाही तो त्याला १३ मीटर समजणार, आणि एकमजली वस्तीला किमान ७ मीटर पुरतात असं केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत वाचलेलं असल्याने निश्चिंत होणार. कुठे लाल अक्षर नाही, कुठे इशारा नाही. हे टाळायला दोन ओळी पुरतात: “सर्व लांब्या मीटरमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये आणि आतला, प्रवाह लिटर प्रति सेकंद. मागणी सरासरीच्या तिप्पट धरली आहे.” ईपॅनेटच्या फाइलमध्ये अर्धविरामानंतर लिहिलेला मजकूर टीप मानला जातो, तेव्हा हे त्या फाइलमध्येच लिहिता येतं. वेगळ्या कागदावरची टीप हरवते, फाइलमधली फाइलसोबत फिरते.

गैरसमज: लागणाऱ्या पॅकेजांची यादी दिली की परावलंबनाची नोंद पूर्ण झाली.

नुसती नावं पुरत नाहीत, आवृत्तीही लागते. पायथन भाषेतलं, तक्ते हाताळणारं पांडाज हे पॅकेज घ्या. तक्त्याला नवी ओळ जोडण्याची जुनी सोय एप्रिल २०२३मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत काढून टाकली. ती सोय वापरणारा २०२१चा प्रोग्राम आज नव्या पांडाजवर चालवला तर तो तिथेच थांबतो. थांबला हे त्यातल्या त्यात बरं, न थांबता चुकीचं उत्तर देणं जास्त धोक्याचं.

नकाशांच्या कामात जीडॅल नावाचं पॅकेज जवळपास सगळ्यांच्या तळाशी असतं, क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या प्रणालीच्याही. २०१९च्या ३.० आवृत्तीत त्याने जगभर वापरल्या जाणाऱ्या अक्षांश-रेखांश पद्धतीचा क्रम बदलला. आधी रेखांश पहिला धरला जाई, आता पद्धतीच्या अधिकृत व्याख्येप्रमाणे अक्षांश पहिला. शहापूर साधारण १९.४५ उत्तर आणि ७३.३३ पूर्व इथे आहे. आकड्यांची अदलाबदल झाली की शहापूरची विहीर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडते. नकाशा उघडला तर चूक लगेच दिसेल. पण प्रोग्राम नुसती अंतरं मोजत असेल तर? त्या ध्रुवाजवळच्या पट्ट्यात रेखांश एकमेकांना चिकटत जातात, म्हणून विहिरीपासून पाड्यापर्यंतचं उत्तर-दक्षिण एक किलोमीटर तीनशे मीटरच्या आत येतं आणि वाहिनीचा खर्चही त्याच प्रमाणात घसरतो. ज्या संगणकावर प्रोग्राम नीट चालतो तिथल्या सगळ्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या एका आदेशाने फाइलमध्ये उतरवता येतात. ती फाइल, पायथनची आवृत्ती आणि क्यूजीआयएसची आवृत्ती, ही तिन्ही हवीतच. क्यूजीआयएस २साठीचे प्लगइन फेब्रुवारी २०१८च्या ३.० आवृत्तीत बदल केल्याशिवाय चालेनासे झाले, हे या क्षेत्रातल्या अनेकांना आठवत असेल.

यादीत कधीच न येणारं परावलंबन म्हणजे माहिती. पाण्याच्या मॉडेलला लोकसंख्या लागते आणि ती अजून २०११च्या जनगणनेतून घेतली जाते. त्या जनगणनेत ठाणे जिल्हा अखंड आहे. जव्हार, मोखाडा, डहाणू सगळे त्यात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि ठाण्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, शहापूर, मुरबाड हे सात तालुके उरले. प्रोग्राम जिल्ह्याच्या नावाने गावं शोधत असेल तर जुनी फाइल आणि नवी सीमा यांची सांगड बसत नाही. डोळखांब, टोकावडे यांसारख्या नावांचे इंग्रजी हिज्जेही प्रत्येक खात्याच्या तक्त्यात सारखे असतील याची खात्री नसते. त्यात पाडे हे बहुधा महसुली गावाच्या पोटात मोडतात, त्यांचा आकडा जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात सापडत नाही. म्हणून माहिती कोणत्या वर्षाची, कोणत्या खात्याची, कोणत्या सीमेची आणि पाड्यांचे आकडे कुठून आणले, ते लिहावं. माझ्या मते पॅकेजांच्या यादीआधी हे यावं.

गैरसमज: हे सगळं इंग्रजीत आणि प्रोग्रामरसाठीच असतं.

पॅकेज बसवण्याच्या सूचना इंग्रजीत असल्या तरी चालेल. पण मॉडेलची गृहीतकं तपासू शकणारी माणसं गावात असतात. कोणती विहीर फेब्रुवारीत आटते आणि कोणत्या चढावर वाहिनीत हवा अडकते, हे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सांगू शकतो. त्याच्यासाठी मराठीत एक पान हवं. काय गृहीत धरलं, काय धरलेलं नाही आणि आकडा चुकीचा वाटला तर कोणाला कळवायचं, एवढं त्यात असलं की पुरे.

गैरसमज: कोड उघड ठेवला म्हणजे तो सगळ्यांना वापरता येतो.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतींत मोडतात. परवाना न लिहिता कोड उघड ठेवला तर वाचता येतो, पण तो बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने असा प्रोग्राम सुधारून मुरबाडसाठी वापरायचा तर त्याला कायदेशीर आधार हवा. जीपीएल, एमआयटी यांसारख्या तयार परवान्यांपैकी एकाची फाइल सोबत ठेवायला दोन मिनिटं लागतात.

गैरसमज: नोंदी लिहिल्या की काम झालं.

नोंद खरी आहे की नाही हे दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. त्यासाठी एक लहानसं जाळं सोबत द्यावं: एक टाकी, चार-पाच वाहिन्या, दोन पाडे, आणि प्रत्येक ठिकाणी अपेक्षित दाब. नवा माणूस आधी हे चालवेल. उत्तर जुळलं नाही तर त्याची एककं, आवृत्त्या किंवा माहिती वेगळी आहे, हे खऱ्या योजनेला हात लावण्याआधीच कळेल. हे नमुना-जाळं मूळ लेखकाच्या संगणकावर न चालवता, इंटरनेट जेमतेम चालणाऱ्या दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच कोणाकडून चालवून घ्यावं. त्याने जिथे जिथे फोन करून विचारलं, ती प्रत्येक गोष्ट नोंदींत घालायची राहिलेली आहे.