फळ्यावर न मावणारं शिकवताना

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. ती का अडकली, हे बदलापूरच्या वर्गात उपग्रह-नकाशा उघडला की मुलांना शब्दांवाचून कळतं. उल्हास नदी घाटाखाली उतरते, रुळांच्या अगदी जवळून वाहत बदलापूर गाठते आणि पुढे वसईच्या खाडीकडे जाते. आपलं घर त्या नकाशात सापडलं की भूगोल परका राहत नाही.

गणितातही तेच. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्रिकोणाचं एक टोक माउसने ओढा. तिन्ही कोन भराभर बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. खडूने असे किती त्रिकोण काढणार?

यासाठी महागडी लॅब लागतेच असं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. आता बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड असतात. ‘दीक्षा’ ॲपवर ते स्कॅन केले की पाठाशी निगडित व्हिडिओ आणि इतर साहित्य मिळतं. उल्हासनगर, अंबरनाथच्या पालकांनी आज रात्रीच एखादा कोड मुलांसोबत उघडून बघावा.

नुसता व्हिडिओ लावून तास संपवणं मात्र शिकवणं नव्हे. तो मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारणारे शिक्षक हवेतच.