टपावरचा अँटेना

गाडीत वायरलेस सेट बसवायचा म्हटलं की बोलणं सेटभोवतीच फिरतं. किती वॅटचा, कोणत्या कंपनीचा. खरं तर पन्नास वॅटचा सेट घेऊन अँटेना बंपरला कसाबसा अडकवण्यापेक्षा पंचवीस वॅटचा सेट आणि टपाच्या मधोमध उभा अँटेना कधीही बरा.

परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा लाडका पट्टा 145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तिथे तरंगलांबी भरते साधारण 2.07 मीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम अर्धा मीटर. टपावरची काडी तेवढीच असते, पण तो अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा म्हणजे खालचा पत्रा. काडीत प्रवाह वरखाली होतो, तेव्हा पत्र्यातही त्याचा जोडीदार चहूकडे पसरत असतो. काडी एका कडेला लावली की पत्रा एकीकडे भरपूर, दुसरीकडे नाहीच, आणि मग सगळ्या दिशांना सारखं ऐकू जात नाही. चुंबकी बुडाचा अँटेना रंगावर ठेवूनही चालतो, कारण रंगाचा पातळ थर कपॅसिटरचं काम करतो. काचेचं छप्पर हौसेनं घेतलेल्यांची मात्र इथे पंचाईत होते.

वीज थेट बॅटरीवरून घ्यावी. सिगारेट लायटरचं सॉकेट या कामाचं नाही. पन्नास वॅटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, वाटेत 0.1 ओहमचा रोध असला तरी व्होल्टभर दाब तिथेच खर्ची पडतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो सेटला वाचवतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो वायरला वाचवतो. इंजिनामागच्या पत्र्याच्या भोकात वायर घासून उघडी पडली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, म्हणजे आगच. म्हणून त्या भोकात रबरी ग्रॉमेटही घालायचं. आणि एअरबॅग फुगते त्या वाटेत सेट नको, केबलही नको.

इंजिनाच्या वेगासोबत चढत जाणारी शिट्टी बोलण्यात मिसळली, तर संशय आधी अल्टरनेटरवर घ्यावा.

शेवटी एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचा अंदाज देणारा. काटा 3 दाखवत असेल तर पाव शक्ती अँटेनाकडून परत फिरतेय, 1.5 वर हा तोटा 4 टक्केच. काडी लांब असेल तर मिलिमीटर-मिलिमीटरनं कापत जायची. जास्त कापली गेली, तर दुकान गाठायचं.