केळीची विषाणुमुक्त रोपे

कर्जत तालुक्यातील कोंडाण्यासारख्या गावी परसात केळ लावावयाची झाल्यास शेजाऱ्याकडील मुनवा आणणे सोपे असते. मुनवा फुकट मिळतो, हे खरे. परंतु मातृझाडास पर्णगुच्छ रोग असेल, तर तोही मुनव्याबरोबर येतो. या रोगात देठावर गर्द हिरव्या तुटक रेषा दिसतात, पाने अरुंद व ताठ होऊन शेंड्याशी झुबक्याप्रमाणे जमतात आणि बहुधा घड पडत नाही. रोग विषाणुजन्य असून त्यावर औषध नाही. केळीवरील मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो.

कोंबाच्या अगदी टोकाच्या वाढत्या पेशींत विषाणू क्वचितच पोचतो. मिलिमीटरहून लहान असे हे टोक काचपात्रात पोषक द्रव्यावर वाढविल्यास निरोगी रोप मिळू शकते. यास ऊतिसंवर्धन म्हणतात. फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी १९५२ साली याच रीतीने डेलियाची विषाणुमुक्त रोपे मिळविली. सफरचंदाची रोपे तर त्याआधी काही आठवडे सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवतात.

जळगाव जिल्ह्यात ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित रोपे फार मोठ्या प्रमाणावर लावली जातात. मात्र व्यापारी उत्पादनात बहुधा मोठा कोंब घेतात; मातृझाड रोगी असल्यास त्यापासून हजारो रोगी रोपे निपजतील. म्हणून मातृझाडाची विषाणुपरीक्षा हाच या पद्धतीचा प्राण होय. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अशा रोपांसाठी २००६ साली प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास प्रमाणित रोपेच घेण्यास सांगावे.

शेतात आल्यावर या रोपांनाही रोग लागू शकतो. जवळपास रोगट केळ असल्यास प्रथम तिच्यावरील मावा मारावा, नंतर ती कंदासह खणून नष्ट करावी व मगच नवी लागण करावी.