आकाशातले अंतर आणि घड्याळातला वेळ

इंदूरहून मुंबईला विमानाने निघालेला प्रवासी तिकिटावर सव्वा तासाच्या आसपासचा वेळ वाचतो आणि ‘तासाभरात मुंबई’ असे समजून चालतो. या समजुतीवर भिस्त ठेवून ज्याने मुंबईहून पुढचे विमान गाठण्याचा बेत आखला, त्याची फजिती होण्याचा संभव फार. म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम अंतर पाहू. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी टाचण्या टोचून त्यांमध्ये दोरा ताणला, तर तो दाखवील तोच सर्वांत जवळचा मार्ग. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंत हे अंतर सुमारे ५०५ किलोमीटर भरते. आगगाडी मात्र उज्जैन, रतलाम, बडोदे असा वळसा घेते. तिला सुमारे ८३० किलोमीटर तोडावे लागतात.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे हवाई अंतर ३८ मिनिटांत संपावयास हवे. मग उरलेला वेळ जातो कोठे? वेळापत्रकातला वेळ केवळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर उभे राहीपर्यंतचा तो असतो. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, पाळीची वाट पाहणे, चढणे आणि उतरणे, हे सारे त्यात आले. चढता-उतरताना पूर्ण वेग नसतो. सुमारे ३ किलोमीटर उंचीच्या खाली तर वेगावर मर्यादाच असते. मुंबईच्या या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमेचे वारे मुंबईकडे जाणाऱ्या विमानाला थोडे अडवतात, तर परतताना तेच हात देतात.

आता मुंबई-दिल्ली घ्या. अंतर सुमारे १,१४० किलोमीटर, म्हणजे दुपटीहून अधिक. त्याच वेगाने ८५ मिनिटे. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. दोन्हीकडे पडणारी भर जवळजवळ सारखीच, पाऊण तासाच्या घरातली! ती अंतरावर अवलंबून नसते. प्रत्येक उड्डाणामागे ती द्यावीच लागते. १९३७ साली टाटांची मुंबई-दिल्ली सेवा इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे मुक्काम घेत जाई, तेव्हा अशी भर प्रत्येक मुक्कामाला पडे. आज वाटेत विमान बदलणाऱ्यालाही तेच चुकत नाही.

तात्पर्य, किलोमीटरांना ८०० ने भागावे आणि त्यात पाऊण तास मिळवावा. घर ते विमानतळ हा रस्ता, निदान तासभर आधीची हजेरी आणि सामानाची प्रतीक्षा यांचा हिशेब निराळा. इंदूरहून मुंबईत घरी पोहोचेपर्यंत चार-पाच तास सहज लागतात. तेवढे हाताशी धरून निघावे, म्हणजे पुढचे विमान चुकणार नाही.